भारतरावांच्या आडव्या बाटल्या

सुदर्शनराव कुणाच्या शेतावर, बंगल्यावर किंवा गाडीवर कधी जळले नाहीत. धाकट्या साडूची, भारतरावांची, लातुरात एकामागून एक तीन होस्टेलं उभी राहिली, तेव्हाही ते म्हणाले, "चांगलंय, कष्ट केलेत माणसानं." ते जळले बाटल्यांवर. आणि असे जळले, की पित्ताच्या गोळ्या सुरू कराव्या लागल्या. त्यांच्या पत्नी उज्वलाबाई स्पष्ट बोलणाऱ्या. त्यांनी डॉक्टरांना तोंडावर सांगितलं, "यांना पित्त नाही झालेलं. साडू झालाय."

सुदर्शनराव मूळचे जळकोटचे. वडील सटवाजी शेतकरी, सुपारीचंही व्यसन नसलेले. मुलगा नांदेडच्या रेल्वेच्या विभागीय कार्यालयात चिकटला, ऑफिस सुपरिंटेंडेंट होऊन निवृत्त झाला, एवढं जळकोटला ठाऊक आहे. तो सिंगल माल्ट स्कॉच जमवतो हे ठाऊक नाही, आणि होऊही नये अशी सुदर्शनरावांची व्यवस्था आहे.

नाद लागला तो असा. वीस वर्षांपूर्वी बदली झालेल्या एका साहेबांनी निरोपाला घरी बोलावलं. ग्लासात बोटभर व्हिस्की ओतली, चमचाभर पाणी घातलं आणि म्हणाले, "लगेच पिऊ नका. आधी वास घ्या." सुदर्शनरावांनी वास घेतला आणि त्यांना थेट जळकोटचं शेत दिसलं. पौषातली सकाळ, हुरड्याची आगटी, अंगावर ओलसर घोंगडी, राखेतून काढलेलं ज्वारीचं कणीस. ते चक्रावले. साहेबांनी समजावलं, की तिकडे स्कॉटलंडच्या बेटावर दलदलीतली माती वाळवून जाळतात आणि तिच्या धुरावर सातू वाळवतात, त्याचा हा वास. बाटलीवर होडीचं चित्र होतं. त्या दिवसापासून सुदर्शनराव त्या होडीच्या मागे लागले.

होडी काही सापडली नाही. दोन-तीन वर्षांत कंपनीनं ती बनवणंच बंद केलं. तिच्या शोधात बाकीच्या मात्र जमत गेल्या. कुणाचा भाचा दुबईहून येणार, कुणाची सून लंडनहून, की सुदर्शनराव आठ दिवस आधी त्यांच्या घरी जाऊन चहा पिऊन येत. वीस वर्षांत एकोणीस बाटल्या झाल्या. बेडरूममधल्या लोखंडी कपाटात, विम्याच्या फायली आणि हिवाळ्याच्या रजया यांच्या मागे त्या उभ्या असत. कपाटाच्या दाराला आतून सरकारी दारू परवाना चिकटवलेला, तोही लॅमिनेशन करून. आजवर तो कुणी पाहायला मागितला नाही याचं त्यांना थोडं वाईटच वाटे.

दर शनिवारी संध्याकाळी सात वाजता कपाट उघडायचं. एक लहान माप, एक चमचा पाणी. पंखा बंद, कारण पंख्यानं वास उडतो. नांदेडच्या मे महिन्यात हा माणूस बनियन भिजेपर्यंत घामाघूम होऊन ग्लासात नाक घालून बसायचा आणि वहीत लिहायचा: "आधी खारीक. मग खोबऱ्याची जुनी वाटी. शेवटी किंचित बिब्बा." उज्वलाबाई दारातून बघत आणि म्हणत, "बिब्बाच हुंगायचा तर मी फुकट देते की." त्यांनी बाटल्यांना आपली नावं पाडली होती. हरणवाली, काळी बुटकी, कोटाच्या रंगाची. जी नव्हती तिचं नावही घरात रोजचंच होतं. होडीवाली.

या सगळ्यातून सुदर्शनरावांना काय मिळालं? मान. सगळ्या नातेवाइकांत या विषयाचा जाणकार म्हणजे एकटे ते. लग्नकार्यात पुरुषमंडळी बाजूला बसली, की बाटली आधी त्यांच्या हातात यायची. ते चष्मा कपाळावर चढवून लेबल वाचायचे आणि सगळे गप्प बसायचे. ऑफिसात तीस वर्षं दुसऱ्यांच्या सहीसाठी कागद तयार करणाऱ्या माणसाला ही शांतता फार गोड लागते.

भारतराव तेव्हा स्कॉचमध्ये कोल्ड्रिंक ओतून पिणारे गृहस्थ होते. एका लग्नात सुदर्शनरावांनी त्यांच्या हातातून ग्लास अक्षरशः काढून घेतला.

"भारतराव, हे काय करून राहिलात? बारा वर्षं लाकडी पिंपात ठेवलेली चीज आहे ही. तिला साखरेच्या पाण्यात बुडवता?"

"मला काय कळतंय, दादा? कडू लागतं म्हणून टाकलं. तुम्ही शिकवा, मी शिकतो."

आणि शिकवलं की! चमचाभर पाणी, बंद पंखा, सगळं. भारतराव शिष्य म्हणून उत्तम निघाले. दर महिन्याला फोन करून विचारायचे. करोनाच्या वर्षी एकदा त्यांनी होस्टेलच्या मेसमधून फोन केला, की दादा, आता चार-पाच जमल्यात, बाटल्या ठेवायच्या कशा? मागे कुकरच्या शिट्ट्या आणि भांड्यांचा गोंधळ चाललेला. सुदर्शनरावांनी ओरडून उत्तर दिलं, भारतरावांनी "बरं दादा" म्हटलं आणि विषय संपला.

मग भारतरावांनी लातुरात बंगला बांधला.

वास्तुशांतीला सुदर्शनराव आणि उज्वलाबाई गेले. जेवणं झाल्यावर भारतरावांनी दादांचा हात धरून त्यांना वर नेलं. वरच्या हॉलमध्ये एक अख्खी भिंत काचेच्या कपाटाची. आत पिवळे दिवे. मिस्त्रीनं फळ्या तिरप्या मारून चौकोनी घरं पाडलेली, आणि घराघरात एकेक बाटली. चौसष्ट! होस्टेलच्या मुलांचे पालक आखातात, अमेरिकेत, कुठे कुठे. पोरगं मेडिकलला लागलं, की पेढ्यांबरोबर बाटलीही येत होती. मधल्या ओळीत, बरोबर नजरेच्या उंचीला, होडी होती.

सुदर्शनरावांच्या पोटात खड्डा पडला. वीस वर्षं. कुणाकुणाच्या सुनांच्या घरी चहा प्यायला. आणि ह्या माणसाला ती कुठल्याशा डॉक्टरनं आणून दिली, पेढ्यांबरोबर!

"दादा, ही तुम्ही म्हणता तीच ना?" भारतरावांनी विचारलं. "मी बघितल्याबरोबर वळखली. फोडली न्हाई. एखाद्या चांगल्या दिवशी तुमच्या हातानं फोडायची."

सुदर्शनराव "हं" म्हणाले. आणि तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. चौसष्टच्या चौसष्ट बाटल्या आडव्या ठेवलेल्या होत्या.

वाईन आडवी ठेवतात. व्हिस्की कधीही नाही. तिच्यातलं अल्कोहोल जहाल असतं. आडवी ठेवली, की ते रात्रंदिवस बुचाला लागून राहतं, बूच खातं, बूच भुसभुशीत होतं आणि त्याची चव आत उतरते. दोन-तीन वर्षांत चांगल्या बाटलीची माती होते. सुदर्शनरावांना हे पाठ होतं. तोंड उघडून तीन शब्द बोलायचे होते, "उभ्या ठेवा, भारतराव." शब्द जिभेवर आलेही. तेवढ्यात दोन पाहुणे वर आले आणि कपाट बघून म्हणाले, "वा! स्कॉच बघावी तर भारतरावांकडंच." सुदर्शनरावांकडे कुणी पाहिलंही नाही.

त्यांनी तोंड मिटलं.

पोटातला खड्डा भरून तिथं काहीतरी थंडगार, गोड पसरलं. मूर्ख माणूस, त्यांच्या मनात आलं. चौसष्ट घेतल्या आणि एक धड ठेवता येत नाही. ठेव. आडव्याच ठेव.

त्यानंतर तीन वर्षं हेच. दिवाळीला, संक्रांतीला, कुणाच्या बारशाला लातूरला गेले, की सुदर्शनराव काही ना काही निमित्त काढून वर जात आणि काचेसमोर उभे राहत. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, किती हा जिव्हाळा! ते बुचं बघत असत. मनाशी म्हणत, दीड वर्ष झालं. दोन झाली. होडीवालीच्या समोर आले, की मात्र त्यांचा जीव कासावीस व्हायचा. बाकीच्या मरू देत, पण ही? ती आगटी, ते कणीस आत कुजत होतं, आणि ते वाचवायचं तर भारतरावांच्या बाकीच्या त्रेसष्टही वाचणार होत्या. ते काही त्यांना झेपेना. घरी येऊन पित्ताची गोळी घ्यायची आणि उज्वलाबाईंवर चिडायचं.

"एवढं काय बघून येता तिथं?" त्या विचारत.

"काही नाही. लाइट फार मारलेत त्यानं."

भारतरावांची मुलगी ज्ञानेश्वरी हिचा साखरपुडा ठरला. मुलगा राजशेखर, उदगीरचा, पण नोकरीला खुद्द स्कॉटलंडमध्ये. ही बातमी कळल्यापासून सुदर्शनराव हुशारले. आता कुणीतरी खरा समजणारा माणूस येणार. कोण जाणकार आणि कोण नुसता साठेबाज, याचा निकाल लागणार. त्यांनी वही सोबत घेतली. कोटही प्रेस करून घेतला.

सकाळी साखरपुडा पार पडला. दुपारी चारला, मंडळी पांगल्यावर, घरातले सात-आठ जण वरच्या हॉलमध्ये बसले. भारतरावांच्या पत्नी गीतांजली, म्हणजे उज्वलाबाईंची धाकटी बहीण, भजी घेऊन आली आणि तिथंच टेकली. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट कपाटावर पडलं होतं. भारतरावांनी मधल्या ओळीतून होडी काढली आणि दोन्ही हातांनी सुदर्शनरावांच्या पुढं धरली.

"राजशेखर, हे माझे गुरू. मी कोल्ड्रिंक टाकून पित होतो, ह्यांनी माणसात आणलं. दादा, तुम्हीच फोडा."

सुदर्शनरावांनी बाटली घेतली. वीस वर्षांनी होडी हातात आली होती. त्यांनी ती उभी धरली, वरचं वेष्टन काढलं आणि बूच हळूच पिळलं. अर्धं बूच हातात आलं. उरलेलं अर्धं भिजलेल्या रस्कासारखं विरघळून आत पडलं. चॉकलेटी भुगा होडीच्या पोटात तरंगू लागला.

राजशेखर कपाटाकडे बघत होता. पोरगा सभ्य, त्यानं आवाज खाली ठेवूनच विचारलं, "मामा, ह्या सगळ्या आडव्या का ठेवल्यात? व्हिस्की उभी ठेवतात."

"आडवी न्हाई का ठेवायची?" भारतराव गोंधळले. "पण दादांनीच सांगितलं होतं."

आता सगळ्यांच्या माना सुदर्शनरावांकडे वळल्या.

"मी? मी कधी सांगितलं?"

"करोनाच्या टायमाला, दादा. मी मेसमधून फोन केला होता. तुम्ही म्हणलात, आडवी ठेवा. म्हणून तर मिस्त्रीकडून अशी घरं करून घेतली. तो म्हणत होता सरळ फळ्या मारू, स्वस्तात होईल. मी म्हणलं न्हाई, दादांचा शब्द हाय."

सुदर्शनरावांना तो फोन आठवला. कुकरच्या शिट्ट्या आठवल्या. आणि आपण ओरडून काय म्हणालो होतो, तेही आठवलं.

"आडोशाला!" ते जवळजवळ किंचाळले. "आडोशाला ठेवा म्हणालो होतो मी! उजेडात नको म्हणून. आडोशाला!"

हॉल हसण्यानं फुटला. गीतांजलीला तर भजं अडकून ठसका लागला. "आडोशाला न् आडवी! अहो, भिंतभर कपाट केलं की हो तुम्ही!" राजशेखरही हसला. भारतराव कपाळाला हात लावून बसले. तीन वर्षं सुदर्शनराव ज्या क्षणाची वाट बघत होते तो हाच. जावयासमोर, सगळ्यांसमोर, चूक कुणाची आणि ज्ञान कुणाचं हे स्वच्छ झालं होतं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. छाती भरून आली होती.

"पण मावसा," ज्ञानेश्वरी म्हणाली. ती मुद्दाम नव्हती विचारत, पोरीचा स्वभावच शंका काढण्याचा. "मागल्या दिवाळीला तुम्ही तासभर ह्या कपाटापुढं उभे होता. मीच तुम्हाला चहा आणून दिला. तेव्हा आडव्या दिसल्या नाहीत?"

हसू जागच्या जागी थांबलं. सुदर्शनरावांच्या कानशिलातून गरम वाफ निघाल्यासारखं झालं. त्यांनी कपाळावरचा चष्मा उतरवला आणि पुसायला घेतला. उज्वलाबाई त्यांच्याकडे बघत होत्या. त्या बघण्यात प्रश्न नव्हता, त्यांना उत्तर मिळालं होतं.

"अगं, कसं दिसंल?" भारतराव म्हणाले. "तवा त्यांचं मोतीबिंदूचं झालं होतं. डोळ्यापुढं सगळं धुकं. पायरी दिसत नव्हती, बाटली कुठनं दिसायची? तू सणापुरती पुण्याहून आलेली, तुला काय म्हाईत? जा, गाळायला काहीतरी आण."

मोतीबिंदूचं ऑपरेशन त्या दिवाळीच्या दीड वर्ष आधी झालं होतं. लातुरातच. दवाखान्यात नेलं होतं भारतरावांनी, पट्टी काढायला घेऊन गेले तेही भारतराव, आणि "आता मला भिंतीवरची मुंगी दिसते" हे सुदर्शनरावांनी ज्याला आनंदानं सांगितलं, तोही हाच माणूस. म्हणजे त्याला सगळं कळलं होतं. कळून, एका दमात, जावयासमोर त्यानं सुदर्शनरावांवर पांघरूण घातलं होतं.

आणि खरं सांगायचं तर सुदर्शनरावांना या घडीला लाज कमी वाटली आणि जळफळाट जास्त झाला. चौसष्ट बाटल्या ह्याच्या. होडी ह्याची. स्कॉटलंडचा जावई ह्याचा. आणि आता मनाचा मोठेपणा, तोही ह्यानंच दाखवायचा? माणसानं दुसऱ्यासाठी काही शिल्लक ठेवावं की नाही?

गीतांजलीनं श्रीखंडाचा चक्का बांधायचं धुतलेलं फडकं आणलं. त्यातून होडी गाळली. ग्लास फिरले. सगळे वास घेऊन "वा, वा" म्हणाले, राजशेखरही भिडेखातर "छान आहे" म्हणाला. शेवटी सगळे सुदर्शनरावांकडे बघू लागले. जाणकाराचं मत.

त्यांनी पंखा बंद करायला सांगितला. चमचाभर पाणी घातलं. नाक ग्लासात घातलं. भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास आला. ते थांबले. पुठ्ठ्याच्या मागे, फार लांब, कुणाच्या तरी शेतात आगटी विझत आलेली होती.

"बिघडलीय," ते म्हणाले. "बूच लागलंय हिला. तीन वर्षं लागत होतं."

"तीन वर्षं" हे शब्द त्यांनी भारतरावांकडे बघून उच्चारले. याहून जास्त कबुली त्यांच्याच्यानं होईना. भारतरावांनी मान हलवली आणि भज्यांची ताटली पुढं केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री आला. तिरप्या फळ्या निघाल्या, सरळ फळ्या बसल्या. साडू-साडूंनी मिळून उरलेल्या त्रेसष्ट बाटल्या उभ्या केल्या. भारतराव एकेक पुसून देत, सुदर्शनराव बूच तपासून ठेवत. निम्म्याहून जास्त अजून वाचण्यासारख्या होत्या. हे कळल्यावर त्यांना बरं वाटलं की वाईट, ते त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही.

"दादा," भारतराव फडकं झटकत म्हणाले, "काही दिसलं तर सांगत जा. मला यातलं काय कळतंय? तुमच्या भरवशावर जमवून राहिलो हे सगळं."

"सांगीन," सुदर्शनराव म्हणाले.

निघताना भारतरावांनी होडीवाली, दुसऱ्या रिकाम्या बाटलीचं बूच लावून, त्यांच्या पिशवीत घातली. "ही तुमचीच." नाही म्हणायला सुदर्शनरावांना तोंड नव्हतं. पिशवीच्या वरच्या कप्प्यात परवान्याची झेरॉक्स होतीच.

एसटीनं चाकूर सोडलं. पिशवी मांडीवर. वीस वर्षं जिच्या मागे लागले, ती होडी मांडीवर होती आणि तिला पुठ्ठ्याचा वास येत होता. तो वास तिला कुणी लावला, हे ती पिशवी धरणाऱ्याला माहीत होतं. उज्वलाबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. काल दुपारपासून त्या या विषयावर चकार शब्द बोलल्या नव्हत्या. बऱ्याच वेळानं सुदर्शनराव स्वतःशीच पुटपुटले, "चारच्या सुमारास त्या कपाटावर थेट ऊन येतं. रंग उडतो, चव उतरते."

उज्वलाबाईंनी मान वळवली.

"हे त्यांना सांगितलंत?"

सुदर्शनरावांनी पिशवीचे बंद सारखे केले.

"अहो, मी काय विचारते? सकाळभर त्या बाटल्या लावत होता. सांगितलंत का?"

"राहून गेलं."

"राहून गेलं," उज्वलाबाई म्हणाल्या, आणि पर्समधून आपला मोबाइल काढून त्यांच्या हातात ठेवला. नंबर त्यांनीच लावून दिला होता.

पलीकडे घंटी वाजत होती. सुदर्शनरावांना क्षणभर वाटलं, नाही उचलला तर बरं. त्या माणसाच्या बाटल्यांना अजून थोडं ऊन लागू दे. पोटातला तो जुना खड्डा अजून तिथंच होता, काही भरला-बिरला नव्हता. पण फोन उचलला गेला.

"भारतराव, ऐका. त्या पश्चिमेच्या खिडकीतून कपाटावर ऊन येतं. तिथं पडदा लावा. जाड कापडाचा. आजच लावा." एसटी खड्ड्यातून गेली, पत्रा खडखडला. सुदर्शनराव घाबरून ओरडले, "नीट ऐकलं का? प-ड-दा! पडदा म्हणालो मी! पुन्हा म्हणून दाखवा!"

पुढच्या सीटवरची दोन माणसं मागं वळून बघू लागली.

"ऐकलं, दादा, ऐकलं. पडदा." पलीकडे भारतराव जरा थांबले. "आडवा लावू का उभा?"